कात्रणांचे तोरण: खण, इरकल आणि उरलेल्या साहित्यातून दाराचे तोरण करण्याचा नेमका क्रम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतल्या बहुतेक घरांत शिंप्याकडून आलेली खणाची कात्रणे, विरलेल्या इरकल साडीचे काठ, जुन्या लग्नपत्रिका आणि गेल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या साठलेल्या असतात, आणि गणपती, नवरात्र किंवा गावची लक्ष्मी यात्रा जवळ आली की त्यांचे तोरण करण्याचा घाट घातला जातो. तोरण तयारही होते, पण पुढच्या पावसाळ्यात त्याची पाने गुंडाळतात, पट्टीला मधोमध झोल पडतो, लाल तुकड्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो आणि चिकटवलेले आरसे एकेक करून उंबऱ्यावर पडतात. या बिघाडांचा सजावटीच्या कौशल्याशी फारसा संबंध नसतो. तयारी वगळल्यामुळे किंवा टप्प्यांची अदलाबदल केल्यामुळेच ते होतात. म्हणून या लेखात नक्षीपेक्षा तयारी आणि क्रम यांवर अधिक भर दिला आहे. येथील मापे आंब्याच्या पानाच्या आकाराच्या, शिवून केलेल्या तोरणाची आहेत.

टप्पा १: आधी दार मोजा, मग कापडाला हात लावा

हाताशी किती कापड आहे हे पाहून तोरणाची लांबी ठरवणे ही पहिली आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. लांबी दाराने ठरवायची असते. चौकटीची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी घ्या. आतली रुंदी ३६ इंच आणि दोन्ही बाजूंची लाकडे ३ इंचांची असतील, तर तोरणाची पट्टी ४२ इंचांची होईल. पुढची सर्व मापे याच उदाहरणाची आहेत.

पानांची संख्या अंदाजाने ठरवू नका. पट्टीच्या दोन्ही टोकांना १ इंच मोकळा सोडला की ४० इंच उरतात. ४ इंच रुंदीची ९ पाने ३६ इंच घेतात आणि त्यांच्यामधल्या ८ फटी प्रत्येकी अर्ध्या इंचाच्या धरल्या की उरलेले ४ इंच भरून निघतात. पट्टी ३६ इंचांचीच असेल, तर ७ पाने घ्या आणि मधली फट एक इंचाची करा. पानांची संख्या विषम ठेवली म्हणजे एक पान बरोबर दाराच्या मध्यावर येते, आणि बाकीची पाने त्याच्या दोन्ही बाजूंना मोजत जाता येतात.

पानाची लांबी ६ इंचांपेक्षा जास्त घेऊ नका. जुन्या घरांच्या चौकटी ठेंगण्या असतात आणि गोंडा धरून तोरण ९ ते १० इंच खाली येते. डोक्याला लागणारे तोरण आठवड्याभरात कोणीतरी वर गुंडाळून ठेवतो.

तपासणी: बाहेरच्या बाजूला जाळीचे दार असेल, तर ते बंद करून त्याच्या व चौकटीच्या मध्ये किती जागा उरते ते पाहा. बोटभर जागा नसेल, तर तोरण आतल्या बाजूला लावण्याचे आताच ठरवा.

टप्पा २: साहित्य जमवणे आणि वेगळे करणे

शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत विणकरांची वस्ती आहे, त्यामुळे मागावर उरलेले सुताचे आणि कृत्रिम रेशमाचे धागे ओळखीतून सहज मिळतात. शिंप्याकडे मात्र योग्य वेळी जावे लागते. दसरा-दिवाळीच्या तोंडावर त्याला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून लग्नसराई संपता संपता एक रिकामी पिशवी नेऊन द्यावी आणि “काका, खणाची आणि काठाची कात्रणे तेवढी यात टाकत जा, अस्तराची नको,” असे स्पष्ट सांगावे. असे न सांगितल्यास पिशवीत निम्मे नायलॉनचे अस्तर येते, आणि ते या कामाला निरुपयोगी असते.

जमलेल्या कात्रणांचे तीन ढीग करा. ज्यातून ५ × ७ इंचांचा अखंड तुकडा निघतो ती कात्रणे पानांसाठी, ५ इंच रुंद पण लांबीला कमी असलेली पट्टीसाठी, आणि त्याहून लहान तुकडे गोंड्याच्या टोप्यांसाठी व ठिगळाच्या नक्षीसाठी. खणाचा पन्हा अरुंद असतो आणि चोळी बेतून झाल्यावर राहणारे तुकडे वेडेवाकडे असतात, त्यामुळे पहिला ढीग नेहमी अपेक्षेपेक्षा लहान निघतो. ९ पाने एकाच रंगात मिळण्याचा हट्ट धरू नये. मधले पान एका रंगाचे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने रंग, अशी मांडणी केली तर ५ रंगांत काम भागते, आणि माझ्या मते ती एकरंगी तोरणापेक्षा अधिक शोभते.

पाठीच्या कापडासाठी जुनी सुती साडी घ्या. मात्र उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसण्याइतका विरलेला भाग टाळा. पट्टीच्या मधल्या थरासाठी जुन्या जीन्सचा पाय उत्तम. कामटी गेल्या वर्षीच्या कंदिलाची चालते, पण तिला कीड लागली आहे का ते पाहा. वाकवल्यावर करकर आवाज येत असेल किंवा भुसा गळत असेल, तर ती टाकून द्या आणि बुरुडाकडून अर्धा इंच रुंदीची नवी घ्या.

धाग्याची जात ओळखणे आवश्यक आहे. गुळेदगुड्डच्या नावाने विकला जाणारा प्रत्येक खण सुती किंवा रेशमी नसतो. बाजारात पॉलिस्टरचा खणही भरपूर आहे, आणि गरम इस्त्रीखाली तो आक्रसतो. कात्रणाच्या कडेचा एक धागा उपसा, तो चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि धाग्याला काडी लावा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो व टोकाशी बोटाने चुरडणारा काळा कण राहतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, जो चुरडत नाही. ताणा आणि बाणा वेगवेगळ्या जातींचे असू शकतात, म्हणून उभा आणि आडवा असे दोन्ही धागे तपासा.

सावधान: ही परीक्षा सुट्या धाग्यावरच करावी, कापडाच्या तुकड्यावर कधीही करू नये. वितळलेला मणी पूर्ण थंड झाल्याशिवाय त्याला हात लावू नये.

टप्पा ३: धुणे आणि रंगाची परीक्षा

“कोरे कापड आहे, धुवायचे कशाला?” या एका विचाराने जितकी तोरणे बिघडतात तितकी दुसऱ्या कशानेही बिघडत नाहीत. कोऱ्या कापडाला खळ असते आणि पहिल्या ओलाव्याला ते आटते. पाठीचे जुने, अनेकदा धुतलेले कापड आटत नाही. असे दोन थर एकत्र शिवले की पुढचा थर आक्रसतो, मागचा तसाच राहतो आणि पान पुढच्या बाजूला गुंडाळते. खानापूरकडच्या घरांत नुसत्या पावसाळी हवेनेही हे घडते. अथणीच्या कोरड्या बाजूला ते उशिरा घडते, एवढाच फरक.

कात्रणे रंगांनुसार वेगळी करून साध्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, हलक्या हाताने पिळा आणि सावलीत सपाट वाळवा. नंतर प्रत्येक रंगाची परीक्षा घ्या: कात्रणावर ओला पांढरा सुती रुमाल ठेवून वरून इस्त्री फिरवा. रुमालावर डाग उमटला, तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत ते कात्रण पुन्हा धुवा. लाल, मोरपंखी आणि गडद जांभळ्या रंगांबाबत अधिक सावध राहा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो, अशी समजूत घरोघरी आहे. तिच्यावर विसंबून राहू नये. तीन-चार धुण्यांनंतरही जे कापड रंग सोडते ते घराच्या आत लागणाऱ्या तोरणासाठी, गडद रंगांच्या शेजारी वापरावे.

पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री करा. पॉलिस्टरवर मंद, सुतावर कडक.

टप्पा ४: आखणी आणि कापणी

जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर पानाचा नमुना काढा. तयार पान ४ इंच रुंद आणि ६ इंच लांब. भोवती अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले जादा कापड, धरून कापायचा तुकडा ५ × ७ इंचांचा. कागद उभा दुमडून नमुना कापला म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. वरची कड सरळ ठेवा, कारण ती पट्टीत शिवली जाणार आहे.

नमुना कापडावर ठेवताना उभा धागा पानाच्या देठापासून टोकाकडे जाईल असाच ठेवा. कापड वाचवण्यासाठी एखादे पान तिरके कापण्याचा मोह होतो, पण तिरके कापलेले कापड ताणले जाते आणि शिवल्यावर ते पान पिळवटते. एकूण ९ पानांत तेवढे एक पान कायम वाकडे लोंबत राहते आणि ते नंतर सुधारता येत नाही.

खणाच्या कडा फार लवकर उसवतात. म्हणून नऊच्या नऊ तुकडे आज कापून ठेवून शिवण पुढच्या रविवारी घेऊ नये. जितकी पाने एका बैठकीत शिवून होतील तितकीच कापावीत. थांबावेच लागले, तर कापलेल्या कडेवर पांढऱ्या गोंदाचे बोट अगदी हलके फिरवावे. गोंद मायेच्या आतच राहिला पाहिजे.

टप्पा ५: नक्षी, आणि तीही एकाच थरावर

नक्षी नेहमी पुढच्या सुट्या थरावर, पान शिवण्याच्या आधी करावी. आधी पान शिवून नंतर त्यावर टाके घातले, तर पाठीवर गाठी दिसतात, दोन थर एकमेकांना जखडले जातात आणि मध्ये पुठ्ठा घालता येत नाही. इरकलच्या काठाची पट्टी लावायची असल्यास ती याच वेळी बारीक धावदोऱ्याने बसवा.

आरसे गोंदाने लावू नका. आपल्या भागातील लमाणी स्त्रियांच्या कामात आरसा धाग्यांनी धरलेला असतो आणि त्यामुळे तो वर्षानुवर्षे टिकतो. गोंद दमट हवेत मऊ पडतो आणि गुळगुळीत काचेवर त्याची पकड मुळातच कमी असते. आरसा पानाच्या मध्यभागी ठेवून त्याच्यावरून दोन उभे आणि दोन आडवे धागे असे ओढा की काचेवर चौकोनी जाळी तयार होईल. जाळीचे धागे काचेच्या कडेच्या जरा आत असावेत आणि चांगले ताणलेले असावेत. मग सुई कापडातून वर काढायची, जाळीच्या धाग्याखालून घालून ओढायची आणि आरशाच्या अगदी कडेला पुन्हा कापडात उतरवायची. पुढचा टाका घेताना सुई आधीच्या फासातून काढायची. असे गोल फिरत गेले की जाळी बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि आरशाभोवती धाग्याचे कडे उभे राहते. जाळी सैल असेल तर कडे कितीही सुबक दिसले तरी आरसा निसटतो. म्हणून पहिले चार धागे ओढल्यावर कापड उलटे धरून हलवा. आरसा जागचा हलला, तर धागे उसवून पुन्हा ओढा.

सावधान: फुटलेल्या आरशाचे तुकडे वापरू नका. त्यांची धार धागा कापते आणि हातही कापते. जुन्या घागऱ्यावरचे किंवा पिशवीवरचे घासलेल्या कडांचे आरसे उसवून घ्यावेत. ते नसतील, तर वेफर्सच्या पाकिटाचा आतला चंदेरी कागद पत्रिकेच्या गोल तुकड्यावर ताणून बसवावा आणि त्याच टाक्याने धरावा.

तपासणी: नक्षीची बाहेरची कड पानाच्या शिवणीपासून किमान पाऊण इंच आत आहे ना? नसेल, तर पुढच्या टप्प्यात मशिनची सुई आरशावर आदळेल.

टप्पा ६: पान शिवणे आणि ताठपणा देणे

पुढचा आणि मागचा थर सुलट्या बाजू आत करून एकमेकांवर ठेवा, टाचण्या लावा आणि वरची सरळ कड सोडून उरलेली कड अर्ध्या इंचावर शिवा. टोकाशी आल्यावर सुई कापडात तशीच रुतवून ठेवा, दाबपट्टी उचला, कापड वळवा आणि दाबपट्टी पुन्हा टेकवून पुढे शिवा. हाताने शिवत असाल तर धावदोरा पुरेसा नाही; उलटी टीप घाला.

पान उलटवण्यापूर्वी माया छाटून दोन सूत, म्हणजे पाव इंच, ठेवा. टोकाशी ती आणखी कमी करा आणि वळणदार भागावर शिवणीच्या अलीकडे थांबणारे छोटे छेद द्या. हे छेद न दिल्यास पानाच्या कडेला चुण्या पडतात. शिवणीपर्यंत गेल्यास पान तिथेच फाटते. उलटवल्यावर टोक बाहेर काढण्यासाठी कात्रीचे टोक वापरू नका. बोथट केलेली बांबूची काडी वापरा.

आता इस्त्री करा. ताठपणाचा तुकडा आत घातल्यानंतर इस्त्री करता येणार नाही, म्हणून ती याच वेळी झाली पाहिजे.

ताठपणासाठी काय घालायचे हे तोरणाच्या जागेवर अवलंबून आहे. घराच्या आतल्या दाराला लग्नपत्रिकेचा जाड कागद चालतो. पडवीच्या किंवा रस्त्याकडच्या दाराला, जिथे पावसाची झड येते, तिथे कागद दोन महिन्यांत लोळागोळा होतो आणि त्याला बुरशीही धरते. तिथे जुन्या फाईलचे पातळ प्लॅस्टिकचे वेष्टण कापून घालावे. मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ लावून कापडच कडक करण्याची पद्धत अनेक घरांत आहे, पण खळीला झुरळे आणि कसर लागते, त्यामुळे वर्षभर राहणाऱ्या तोरणाला ती मी सुचवणार नाही.

हा तुकडा पानाच्या आतल्या मापापेक्षा सर्व बाजूंनी एक सूत लहान कापा, त्याची टोके गोल करा आणि वरच्या शिवणरेषेच्या अर्धा इंच खाली तो थांबेल याची खात्री करा. तयार पानाची वरची उघडी कड कच्च्या धावदोऱ्याने बंद करा.

टप्पा ७: पट्टी, म्हणजे तोरणाचा कणा

दुसऱ्या ढिगातील कात्रणे आडवी जोडत ५ इंच रुंद व ४६ इंच लांब पट्टी तयार करा. जोडशिवणींमुळे लांबी थोडी कमी होते, म्हणून आधी जास्त घेऊन शेवटी ४३ इंचांवर छाटायची. पाठीचे सुती कापड ५ × ४३ इंचांचे अखंड घ्या. जीन्सची पट्टी ३ इंच रुंद आणि ४२ इंच लांब कापून ती पाठीच्या कापडाच्या उलट्या बाजूला, खालच्या कडेपासून अर्धा इंच वर, कच्च्या टाक्यांनी धरून ठेवा. वरच्या बाजूला जीन्स पोचता कामा नये. तिथे कामटीची नळी होणार आहे.

पुढचा क्रम नीट पाळावा, कारण सर्वाधिक उसवाउसव इथेच होते.

१. पुढची पट्टी सुलटी, टेबलावर सपाट ठेवा आणि खालच्या कडेचा मध्य खडूने आखा.

२. मधले पान त्या मध्यावर असे ठेवा की पानाची नक्षी पट्टीकडे तोंड करून असेल, पानाची सरळ कड पट्टीच्या खालच्या कडेला जुळेल आणि पानाचे टोक वरच्या दिशेला असेल. हे पाहताना उलटे वाटते, पण ते बरोबर आहे.

३. मध्यापासून दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच फट ठेवत उरलेली ८ पाने मांडा आणि प्रत्येक पान दोन ठिकाणी टाचण्यांनी टाचा.

४. पाठीचे कापड, जीन्सची बाजू वर ठेवून, या सगळ्यावर पसरा आणि फक्त खालची कड अर्ध्या इंचावर शिवा.

५. पाठ मागे उलटवा. पाने आता खाली लोंबतील आणि त्यांची नक्षी समोर येईल.

तपासणी: चौथी पायरी शिवण्यापूर्वी पाठीचे कापड एकदा तसेच टाचण्यांवर उलटवून पाहा. एखादे पान पाठ दाखवत असेल, तर ते आताच कळेल. शिवणीला मशिनची १६ नंबरची सुई लावा. बारीक सुई इतक्या थरांत वाकते.

दोन्ही टोकांची अर्धा इंच माया आत दुमडा. वरच्या कडा आत दुमडताना त्यांच्या मध्ये सुती नाडीचे तीन फासे, दोन्ही टोकांपासून एकेक इंच आत आणि एक मध्यावर, असे अडकवून शिवून घ्या. त्या शिवणीच्या सहा सूत खाली दुसरी समांतर टीप मारली की कामटीची नळी तयार होते. नळीचे एक टोक उघडे ठेवा. कामटी ४१ इंचांची कापून तिच्या कडा व टोके पॉलिश पेपरने गोल करा, आणि मगच ती नळीत सरकवा. तुसे राहिलेली कामटी पहिल्याच खेपेला कापड फाडते. कामटीशिवाय लावलेली पट्टी कितीही जाड असली तरी मध्ये झोलतेच.

टप्पा ८: गोंडे आणि घुंगरे शेवटी

जड वस्तू आधी लावून मग शिवणकाम करण्याची घाई करू नका. त्या मशिनखाली अडकतात आणि धागे तुटतात.

मागाचे उरलेले धागे ३ इंच उंचीच्या पुठ्ठ्यावर ४० वेढे गुंडाळा, वरून बांधा, खालून कापा आणि मानेशी घट्ट वेढे द्या. कृत्रिम रेशमाचा धागा निसरडा असतो आणि त्याची गाठ आपोआप सुटते, म्हणून मानेचे वेढे नेहमी सुती दोऱ्याने घ्यावेत. गोंडा, आणि घुंगरे लावायची असल्यास तीही, पानाच्या टोकाला, दोन्ही थरांतून दोरा नेऊन लावा.

पूर्ण तोरण स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहा. वजन अर्ध्या किलोच्या आत असावे. जास्त भरल्यास घुंगरे एकाआड एक पानांवरून काढा.

टप्पा ९: दाराला लावणे

तीनही खिळे एका रेषेत यावेत म्हणून चौकटीच्या दोन टोकांना दोरा ताणून खूण करा. मधला खिळा वगळू नका. जुन्या सागवानी चौकटीत थेट खिळा ठोकल्यास लाकूड तडकते. आधी बारीक भोक पाडून पितळी हूक फिरवून बसवावा.

सावधान: तोरणात पॉलिस्टर असेल, तर उंबऱ्यावरच्या पणत्या बरोबर त्याच्या खाली ठेवू नयेत. विजेच्या दिव्यांची माळ तोरणाच्या नळीतून किंवा पानांमधून ओवू नये. ती चौकटीच्या बाहेरून वेगळी लावावी.

उतरवल्यानंतर

तोरण पाण्यात बुडवून धुऊ नये. मऊ ब्रशने धूळ झाडावी, डाग ओल्या फडक्याने टिपावा आणि सकाळच्या उन्हात दोन्ही बाजू वाळवाव्यात. मृग लागण्यापूर्वी रस्त्याकडचे तोरण उतरवलेले बरे. कामटी काढून घ्यावी, पाने एकाच दिशेला सपाट करून पट्टी सैलसर गुंडाळावी आणि जुन्या उशीच्या सुती अभ्र्यात, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि जरीचे धागे काळवंडतात. पुन्हा लावताना आधी नाडीचे फासे ओढून पाहावेत, कारण सर्वांत आधी झिजतात ते फासे, आणि ते बदलायला वरच्या शिवणीतले चार टाके उसवले तरी पुरते.